मैदानात पुकारलेलं दुखणं

"आणि आता मैदानात उतरतोय," माईक तोंडाजवळ धरून मी आवाज चढवला, "उभ्या तालुक्याचा लाडका, कुरणवाडीच्या मातीतला ढाण्या वाघ, पैलवान रणधीर मगदूम! कैलासवासी वस्ताद बंडा मगदूम यांचा धाकटा चिरंजीव!"

हलगीवाल्याचा हात वर गेला होता, तो तसाच वर राहिला.

वस्ताद बंडा मगदूम माझ्यासमोर, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. गुलाबी फेटा, दोन्ही हात काठीच्या मुठीवर, आणि डोळे माझ्यावर.

दहा हजार माणसांचं मैदान. आधी लोकांना वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. मग मागून एक आवाज आला, "अरं मुळीक, म्हाताऱ्याला जित्तं मारलंस की रं!" त्यासरशी हशा उसळला, पाठोपाठ शिट्ट्या. रणधीर अंगाला माती चोळत होता. तो तसाच स्टेजपाशी आला. लहानपणापासून मला काका म्हणणारा पोरगा, खालूनच ओरडला, "माझा बाप बसलाय हितं. डोळं फुटलं का तुझं?"

मला माफी मागायची होती. वस्तादांचं नाव घेऊन, हात जोडून. मी माईक वर केला आणि नाव गेलं. अर्ध्या मिनिटापूर्वी माझ्याच तोंडून आलेलं नाव. समोर बसलेला माणूस कोण हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या तालमीत मी अकरा वर्षं माती उकरली होती, त्यांच्या हातचं बदामाचं दूध प्यालो होतो. सगळं आठवत होतं, फक्त नाव नव्हतं.

"हे... आपले... हे..." एवढंच सहा भोंग्यांतून साऱ्या रानात घुमलं.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष संपतराव पुढे झाले आणि त्यांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला. हिसकावला नाही. तान्ह्याच्या हातातून विळा काढून घ्यावा तसा, हळूच. तेच मला जास्त लागलं.

ही गोष्ट दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीतली.

मी विलास मुळीक. पोटाला पिठाची गिरणी आणि जिवाला कुस्तीचं निवेदन. वाळवा, शिराळा, कराड, पार जतपर्यंत कुठंही यात्रेचं मैदान भरलं की माईकवर मीच. सव्वीस वर्षं. पैलवान लांग कसून मातीत उतरला की त्याचं गाव, तालीम, वस्ताद, त्याच्या आज्यानं कुठल्या मैदानात कुणाला आस्मान दाखवलं, हे सगळं मी एका दमात सांगायचो. सहा-सहा तास. हातात कधी कागद धरला नाही. कागद धरणाऱ्या निवेदकाला आम्ही 'वाचक' म्हणून हिणवायचो.

मग आदल्या वर्षीच्या मे महिन्यात मला कोरोना झाला. नऊ दिवस तालुक्याच्या सेंटरमध्ये ऑक्सिजनवर होतो. माझ्या दोन्ही बाजूंच्या खाटा त्या नऊ दिवसांत रिकाम्या झाल्या, मी मात्र घरी आलो. खोकला गेला, ताकद आली, भाकरीची चव परतली. डॉक्टर म्हणाले, सुटलात. साऱ्या गावानं तेच म्हटलं.

पण गिरणीत काहीतरी बिनसत होतं. कुणाचा डबा कुठला ते कळेनासं झालं. एकदा ज्वारीच्या दळणात हरभरा ओतला. पट्टा चालू ठेवून जेवायला गेलो. बोलता बोलता साधा शब्द सापडायचा नाही. चाळणीला 'ते भोकांचं' म्हणायचो. दुपारपर्यंत डोक्यात कापूस कोंबल्यासारखं व्हायचं. माझी बायको मालन गपचूप डब्यांवर खडूनं नावं लिहू लागली. मी विचारलं तर म्हणाली, "गिऱ्हाइकांच्या सोयीला." आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही. मैदानं दोन वर्षं बंद होती, म्हणून माझं झाकून राहिलं. वाटलं, एकदा माईक हातात आला की जीभ आपोआप सुटेल.

ती कशी सुटली, ते दहा हजार लोकांनी ऐकलं.

त्या दिवशी मैदान सुरू व्हायच्या आधी, साथीत गेलेल्या अकरा जुन्या पैलवानांना मी श्रद्धांजली वाहिली होती. अकरा वेळा कैलासवासी म्हणालो होतो. तो शब्द जिभेला चिकटून बसला आणि नको तिथं गळला. पण हे मला फार नंतर उमगलं. तेव्हा गावात दोनच मतं होती. एक, मुळीक पिऊन आला होता. दुसरं, मुळीकाच्या डोक्यावर परिणाम झाला. माझ्या शिराळ्याच्या आणि पेठच्या सुपाऱ्या चार दिवसांत परत गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या दारात काठी वाजली. बंडाआप्पा उभे होते.

मी जागचा उठलो आणि त्यांच्या पायाशी वाकलो. वर बघवेना.

"ऊठ," आप्पा म्हणाले. "माझं दिवस घातलंस का न्हाई, ते बगाया आलोय. जेवायला काय हाय?"

मालननं तोंडाला पदर लावला. हसू होतं की रडू, मला कळलं नाही. मला मात्र रडू आलं. मी पोत्यावर बसून हुंदके दिले आणि गेल्या नऊ महिन्यांत बायकोलाही न सांगितलेलं सगळं त्या म्हाताऱ्यापुढं ओकलो. नावं जातात. शब्द जातात. माणूस बोलत असतं आणि अर्ध्यातच ते काय म्हणालं ते निसटतं. परवा तर घरी यायची वाट क्षणभर ओळखीची वाटेना.

आप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "इलास, माझ्या तालमीत कुणाचा खांदा निखळला तर तू काय करायचास?"

"बसवायला घेऊन जायचो."

"लाजायचास?"

"त्यात काय लाजायचं?"

"मग डोकं निखळलं तर लाजतोस कशापायी? त्यो बी अवयवच हाय की." त्यांनी काठी मालनकडे वळवली. "पोरी, ह्याची कापडं पिशवीत भर. मिरजंला जाऊया."

मिरजेच्या डॉ. शाहीन मुजावर मेंदूच्या डॉक्टर. वय चाळिशीच्या आतबाहेर, बोलणं शांत. त्यांनी मला आधी पाच शब्द सांगितले. नदी, कुलूप, पेरू, चादर, शिक्षक. लक्षात ठेवा म्हणाल्या. मग शंभरातून सात वजा करत जायला लावलं, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं, "ते शब्द सांगा बरं."

"पेरू," मी म्हणालो. "कुलूप." मग डोक्यात नुसता पांढरा उजेड. "...माती?"

माती त्यात नव्हतीच. ज्या माणसाला चार पिढ्यांच्या कुस्त्या तोंडपाठ होत्या, त्याला पाच शब्द पेलले नाहीत. बाजूला मालन बसली होती. तिनं माझा हात धरला, बाहेरच्या माणसादेखत, लग्नानंतर पहिल्यांदाच.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो झाला. आठवड्यानं पुन्हा गेलो. फोटो उजेडावर धरून मॅडम म्हणाल्या, "फोटो अगदी स्वच्छ आहे."

"म्हणजे मला काही झालेलं नाही?" माझा आवाज चिरकला. "म्हणजे लोक म्हणतात तेच—"

"असं कोण म्हणालं?" त्यांनी फोटो खाली ठेवला. "वायर तुटली तर फोटोत दिसते. करंट कमीजास्त होत असेल तर फोटोत दिसत नाही. म्हणून घरातला बल्ब फडफडायचा थांबतो का? मुळीक, हे वेड नाही. दारू नाही. म्हातारपण तर नाहीच. हे तुमच्या कोरोनाचं मागं राहिलेलं दुखणं आहे, आणि असे पुष्कळ पेशंट माझ्याकडे येतात."

आप्पा हट्टानं आत येऊन बसले होते. ते म्हणाले, "पर मॅडम, त्यो रोग छातीचा. डोस्क्यात कसा चढला?"

"बहुतेक वेळा विषाणू मेंदूत शिरतच नाही, आप्पा. तो छातीतच असतो. पण त्याच्याशी झुंजायला शरीर जी फौज उठवतं, तिचा दाह रक्तातून सगळीकडे पोचतो. मेंदूतही राखणदार पेशी असतात, त्या खवळतात. विषाणू गेला तरी काही जणांत त्या शांत होत नाहीत. बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा होते. सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही, ते मी लपवणार नाही."

आप्पांनी विचार केला. "म्हंजी चोर पळाला, पर गाव अजून काट्या घिऊन हिंडतंय."

"बरोबर," मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "आणि अंधारात एकमेकांनाच हाणतंय."

मी धीर करून विचारलं, "माझी नावं? ती पुसली गेली?"

"नाही. नावं आहेत तिथंच आहेत. तुमचं लक्ष थकतंय. लक्ष थकलं की नाव आत नीट जात नाही आणि आतलं बाहेर लवकर येत नाही. याला गोळी नाही. झोप पुरी घ्यायची, एका वेळी एकच काम करायचं, रोज थोडा सराव, आणि दमायच्या आधी थांबायचं. दमल्यावर नव्हे, दमायच्या आधी. आणि लिहून ठेवायचं."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही. बरेच लोक हळूहळू सुधारतात. पूर्वीइतकं सगळं येईलच, असं वचन देत नाही."

 परतीच्या गाडीत कित्येक महिन्यांनी छातीवरचं एक ओझं उतरलं होतं. माझ्या दुखण्याला कुणीतरी दुखणं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी मला तालमीत बोलावलं. रोज सकाळी दहा मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही. आखाड्याच्या कडेला बसायचं, खेळणाऱ्यांपैकी तिघांची नावं, गावं ऐकायची आणि थांबून पुन्हा सांगायची. पहिल्या आठवड्यात तीनपैकी दोन यायची. मी दात-ओठ खायचो. आप्पा म्हणायचे, "नव्या गड्याला पयल्या दिशी हजार जोर काढाय लावतो का आपण? तीन तर तीन."

रणधीर तिथंच सराव करायचा. माझ्याकडे पाठ करून.

उन्हाळ्यात तीनाची पाच झाली, पाचाची आठ. मला वाटलं, जिंकलो. कुणाला न सांगता पलीकडच्या वाडीच्या लहानशा मैदानात माईक धरला, सलग पाच तास. बोललो झकास. दोनच नावं अडकली. घरी येऊन आडवा झालो तो चार दिवस उठलो नाही. उजेड सोसेना. मालननं विचारलं, "डबा कुठं ठिवला?" आणि मला डबा म्हणजे काय तेच कळेना.

मॅडम फोनवर तडकल्या. "पाय मोडलेल्या पैलवानाला सहाव्या आठवड्यात कुस्ती लावाल का तुम्ही? तुमची हद्द मी सांगते ती नाही, तुमचं डोकं सांगतं ती आहे. ती ओळखायला शिका."

त्या चार दिवसांत अंथरुणावर मी काय काय विचार केला, ते सांगण्यासारखं नाही. पाचव्या दिवशी मालन उशाशी येऊन बसली. तिच्या हातात जाड पुठ्ठ्याचे तुकडे होते. मिठाईच्या खोक्याचे, वीतभर कापलेले. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात एका पैलवानाचं नाव, खाली गाव, खाली वस्ताद, खाली दोन गाजलेल्या कुस्त्या.

"हे कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"आप्पांच्या तालमीत गेले व्हते. इचारून इचारून लिवलं."

"मी कागद धरणार नाही, मालन. सव्वीस वर्षांत धरला नाही. लोक काय म्हणतील?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणायचं ते म्हणून झालंय की हो त्यांचं. आणि ऱ्हायलंय काय?"

 चष्मा लावल्याशिवाय वाचता येत नाही म्हणून कुणी मान खाली घालत नाही. मी पुठ्ठा हातात घेतला.

दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत पुन्हा कुरणवाडीची यात्रा आली. आप्पा संपतरावांकडे गेले. काय बोलले मला माहीत नाही, पण संपतराव माझ्याकडे आले आणि म्हणाले, "शेवटच्या चार कुस्त्या. तेवढ्याच. त्या आधी दुसरा निवेदक आणलाय. आणि मुळीक, पुन्यांदा काय झालं तर मला तोंड दाखवाय जागा न्हाई."

"चारच हव्यात," मी म्हणालो. "पाचवी दिली तरी घेणार नाही. आणि माझी बायको स्टेजवर शेजारी बसेल."

"बाईमाणूस? कुस्तीच्या स्टेजवर?"

मागून आप्पा म्हणाले, "तिला कुस्ती लावायची न्हाई, संपत. बसू दे की."

त्या दिवशी दुपारी मी मॅडमनी सांगितल्याप्रमाणे खोलीत अंधार करून तासभर पडून राहिलो. चार वाजता स्टेजवर चढलो. मालन पुठ्ठे मांडीवर घेऊन शेजारी बसली, डोक्यावर पदर, ताठ. समोर माणसांचा समुद्र. मला बघताच कुजबूज उठली, आणि मागून कुणीतरी आरोळी ठोकली, "आज कुणाला मारनार रं, मुळीक?"

मी माईक धरला. मी काय बोलणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मालनलाही नाही.

"मंडळी," मी म्हणालो, "गेल्या साली ह्याच जागेवर मी जित्या माणसाला कैलासवासी म्हणालो. मी प्यालेलो नव्हतो. मला वेडही लागलेलं नाही. कोरोनानं माझी छाती सोडली, पण डोकं धरलं. मला नावं आठवत नव्हती. साध्या चाळणीला काय म्हणतात ते आठवत नव्हतं. गिरणीत माझ्या बायकोनं डब्यांवर नावं लिहिली तेव्हा माझं चाललं. मी लाजेनं नऊ महिने कुणाला सांगितलं नाही. मग वस्तादांनी मला मिरजेला नेलं, मेंदूच्या डॉक्टर शाहीन मुजावर मॅडमकडे. हे दुखणं आहे. ह्याला गोळी नाही, पण इलाज आहे. मी अजून पुरा बरा नाही. म्हणून आज माझ्या हातात कागद आहे. ज्यांना कागद चालत नसेल त्यांनी आताच सांगा. माईक ठेवतो, घरी जातो."

 दहा हजार माणसांचं गप्प बसणं काय असतं, ते मी त्या दिवशी ऐकलं. लांब कुठंतरी यात्रेतल्या पाळण्याची घरघर तेवढी चालू होती.

मग पहिल्या रांगेतून आप्पांनी काठी वर केली आणि हलगीवाल्याला म्हणाले, "वाजीव की! का माझ्या मर्तिकाची वाट बगतोस?"

हलगी कडाडली. मैदान हसलं, पण या वेळचं हसू माझ्या बाजूचं होतं.

पहिल्या तीन कुस्त्या पुठ्ठ्यांवर निघाल्या. मालन बरोबर वेळेला बरोबर पुठ्ठा पुढे करायची. दोन कुस्त्यांमध्ये मी डोळे मिटून बसायचो, पाणी प्यायचो. कुणी हसलं नाही.

शेवटची, एक नंबरची कुस्ती. रणधीर मगदूम विरुद्ध सोलापूरचा शिवराज बिराजदार. रणधीर मातीत उतरायच्या आधी स्टेजपाशी आला. वर्षभर तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. तो वर बघून म्हणाला, "नाव घ्या काका. सावकाश घ्या."

मी घेतलं. त्याचं, त्याच्या बापाचं, त्याच्या तालमीचं. पुठ्ठा हातात होता, पण डोळे त्याच्या तोंडावर होते.

कुस्ती लागली आणि मी हातातला पुठ्ठा मालनकडे दिला. कारण कुस्ती चालू असताना कागद उपयोगाचा नसतो. डोळ्यांनी बघायचं आणि त्याच क्षणी जिभेनं बोलायचं, मध्ये अडायला जागाच नाही. शिवराज अंगानं दीडपट. त्यानं आल्या आल्या रणधीरला पटात धरून खाली घेतला आणि मानेवर घुटना ठेवला. मैदान ओरडत होतं. मी तोंड उघडलं.

"शिवराजनं पट काढला! रणधीर खाली! मानेवर घुटना आलाय, पण हात अजून मोकळा आहे मंडळी, उजवा हात बघा त्याचा!"

शब्द आला. पुढचाही आला. मग मी मोजायचं सोडलं. शिवराज कब्जा घेत होता, रणधीर निसटत होता, आणि माझी जीभ त्यांच्यामागं धावत होती, सव्वीस वर्षं धावायची तशी. एकदा एका डावाचं नाव अडकलं. ते डोक्यात शोधत बसलो असतो तर संपलो असतो. मी शोधलं नाही, जे दिसत होतं ते सांगितलं. "पायात पाय घातलाय, कंबर वळवतोय, वळवतोय!" लोकांना डाव कळला, आणि मग ते नाव आपसूक आलं. छडी! सोळा मिनिटं झाली. दोघेही मातीनं माखलेले, छात्या भात्यासारख्या. अठराव्या मिनिटाला शिवराज पुन्हा पाठीवर स्वार झाला आणि एक क्षण, फक्त एक क्षण, त्याचा तोल पुढे गेला. मी ते पाहिलं आणि रणधीरनंही पाहिलं.

"घिस्सा!" मी ओरडलो. रणधीरनं खालून हात मारला, शिवराज त्याच्या खांद्यावरून फिरला आणि पाठ मातीला टेकली. "आस्मान! आस्मान दाखवलं! पैलवान रणधीर मगदूम विजयी! वस्ताद बंडा मगदूम यांचा चिरंजीव, खंडू मगदूम यांचा नातू, ज्या खंडू मगदूमांनी ह्याच मैदानात सतरा मिनिटांत—"

मी थबकलो. खंडू मगदूमांचं नाव कुठल्याच पुठ्ठ्यावर नव्हतं. ते मालनला कुणी सांगितलंच नव्हतं. ते आतून आलं होतं.

मालननं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या मांडीवरचे पुठ्ठे खाली सांडले, आणि ते उचलायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. खाली मैदानात हलग्या, शिट्ट्या, हवेत भिरकावलेले फेटे. रणधीरला खांद्यावर घेतलं होतं. मी माईक पुन्हा तोंडाला लावला आणि त्या घराण्याची चौथी पिढीही सांगितली.

मग माईक बंद केला. दमायच्या आधी.

स्टेजवरून उतरलो तर खाली माणसं उभी. मला वाटलं, शाबासकी द्यायला आली असतील. पहिला एसटीचा कंडक्टर होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अण्णा, मला कोरोना झाल्यापास्नं थांबे पुकारता येत न्हाईत. वीस वर्सं एकाच रस्त्याला हाय. घरात कुणाला बोललो न्हाई. त्या मॅडमचा पत्ता देता?" त्याच्यामागं चाळिशीची एक बाई होती, अंगणवाडीची सेविका. तिला मुलांची नावं आठवत नव्हती, आणि सासूनं तिला मांत्रिकाकडे नेऊन आणलं होतं. तिच्यामागं एक गवंडी. त्याच्यामागं कॉलेजची मुलगी, बापाचा हात धरून. दिवस मावळेपर्यंत रांग संपली नाही. मालन पुठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला मॅडमचा पत्ता लिहून एकेकाच्या हातात देत होती. पुठ्ठे संपले तेव्हा संपतरावांनी यात्रेच्या हँडबिलांचा गठ्ठा आणून तिच्यापुढं ठेवला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "वैनी, एक मला बी द्या. आमच्या थोरल्यासाठी."

वीस दिवसांनी मॅडमचा फोन आला.

"मुळीक, आज माझ्या दवाखान्यात तुमच्या भागातले तेवीस जण बसलेत. गेल्या आठवड्यात एकोणीस होते. पत्ता कुठून मिळाला विचारलं की एकच उत्तर. मैदानात पुकारला."

"चुकलं का माझं, मॅडम?"

"चुकलं?" त्या म्हणाल्या.  "यातले निम्मे लोक दोन-दोन वर्षं घरात लपून बसले होते. मी पत्रकं काढली, शिबिरं घेतली, कुणी आलं नाही." मग नेहमीच्या डॉक्टरी सुरात त्यांनी विचारलं, "पुढचं मैदान कुठं आहे तुमचं?"

"रविवारी. पेठला."

"किती कुस्त्या?"

"सहाच घेतल्यात."

"बरं. सहाच घ्या," मॅडम म्हणाल्या. "मी सोमवारी ओपीडी दोन तास लवकर उघडते."